मेजागणिक एक प्रश्न

विलंबमापी बसवलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आज जो तो म्हणतो की मला ते यंत्र पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. साफ खोटं. कुंदा मेश्रामनेही वाजवल्या होत्या, आणि अगदी मनापासून वाजवल्या होत्या.

वाजवणार नाही तर काय करणार? त्याआधीच्या मोठ्या साथीत लागू पडणारं औषध तयार होतं. श्रीमंत देशांतली माणसं ते घेऊन बरी होऊन कामाला लागली होती, आणि आपल्यासारख्या अकरा देशांत त्याची फाईल एकशे नव्वद दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. कोणी तिच्यावर 'अवलोकनार्थ' लिहिलं, कोणी 'चर्चा करावी' लिहिलं, आणि तोवर इकडे माणसं पटापट जात राहिली. मग त्या अकरा देशांनी शहाणे होऊन ठरवलं की साथीच्या औषधाची तपासणी ज्याने त्याने वेगळी करायची नाही, मिळून एकदाच करायची. प्रत्येक देशाचं एक मेज, म्हणजे एक कचेरी आणि तिचा एक मुख्य तपासनीस. अकराही मेजांनी हो म्हटलं की औषध अकराही देशांत त्याच दिवशी सुटायचं. आपल्या देशाचं मेज नागपूरला आलं. कुंदा तिथे दुसऱ्या क्रमांकावर होती आणि पुढे मुख्य झाली. वय बावन्न, औषधशास्त्रातली डॉक्टरेट, लग्न केलेलं नाही, कामात चोख.

विलंबमापी म्हणजे काही चाकं-दांड्यांचं यंत्र नव्हे, ते एक गणित होतं. रोज कोणत्या इस्पितळात किती रोगी आले, साथ कुठून कुठे सरकते आहे, औषध शंभरातल्या किती जणांना वाचवतं, हे सगळं त्याला पुरवलं जायचं. मग ते संगणकात तीच साथ दोनदा पुढे पळवून बघायचं. एकदा औषध आज सुटलं असं धरून, एकदा उद्या सुटलं असं धरून. दोन्हींतल्या मृत्यूंचा फरक म्हणजे त्या एका दिवसाच्या उशिराची किंमत. फाईल ज्या मेजावर अडली असेल त्याच्या नावावर ती चढायची. आकडा तपासनिसाच्या पडद्याच्या कोपऱ्यात दिसायचा आणि त्याच क्षणी जगालाही दिसायचा, नावागावासकट.

गणितात चूक नव्हती. फक्त ते एकाच बाजूचं होतं. घाईने सोडलेल्या औषधाने कोणी मेलं तर ते त्यात धरता येत नव्हतं. धरायचं तर औषधात काय खोट आहे ते आधी ठाऊक असावं लागतं, आणि ते शोधायलाच तर तपासनीस बसवलेला असतो. ठाऊक नाही त्याच्या जागी गणित शून्य मांडायचं.

पहिला तडाखा वामन ढोक्यांना बसला. ते नागपूरच्या मेजाचे तेव्हाचे मुख्य, कुंदाचे गुरूच म्हणा. एका लहान साथीत त्यांनी यकृताबद्दल शंका म्हणून फाईल नऊ दिवस अडवली. आकडा चढला दोन हजार तीनशे सोळावर. वर्तमानपत्रांनी त्यांचा फोटो छापला, कोणीतरी घराच्या फाटकावर तो आकडा रंगवून गेलं, मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. ढोक्यांची शंका खरी होती की खोटी, हे आजतागायत कोणी विचारलेलं नाही. ते राजीनामा देऊन वर्ध्याला गेले आणि त्यांनी माणसांशी बोलणंच सोडलं. कुंदा एकदा भेटायला गेली तेव्हा त्यांनी चहा दिला आणि तासभर भिंतीकडे बघत बसले.

त्यानंतर तपासनिसांनी पळवाट शोधली नसती तर ते सरकारी नोकर कसले. नियम असा होता की औषध बनवणाऱ्या कंपनीला प्रश्न पाठवला की उत्तर येईपर्यंत मेजाचा आकडा थांबतो, कारण फाईल आता कंपनीकडे. झालं! जो तो प्रश्न पाठवू लागला. डबीवरची शाई कोणती, कापसाचा बोळा किती ग्रॅमचा. घरी जाताना सायकलला कुलूप लावावं तसा फाईलला प्रश्न लावून लोक निघून जायचे. खोटं कशाला बोला, शनिवार-रविवार मोकळा मिळावा म्हणून कुंदानेही हे दोन-चारदा केलं होतं. शेवटी वरून नवा नियम आला: साथीच्या काळात मेजागणिक एक प्रश्न. एकच. तोही दुसऱ्याचा बघून नकलून नव्हे. तुमचा प्रश्न गेला की मगच इतर दहा जणांचे तुम्हाला दिसणार.

आणि मग मुका ताप आला.

लोकांनीच त्याला ते नाव दिलं. पहिल्या दिवशी ताप, दुसऱ्या दिवशी आवाज बसायचा तो इतका की आईला हाक मारता येऊ नये, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी फुप्फुसं भरायची. तीन आठवड्यांत नागपूरच्या इस्पितळांत खाटा संपल्या. बाहेरच्या एका कंपनीने औषध काढलं, एक पिवळी गोळी, पाच दिवस रोज एक. सहा हजार चारशे लोकांवर चाचणी झालेली, दहातले सात जण त्याने वाचत होते. फाईल अकरा मेजांवर एकाच सकाळी उघडली.

कुंदाची धाकटी बहीण सुनंदा आरमोरीच्या पलीकडे कोसमटोल्याला दिलेली. नवरा गेल्यापासून ती गावात आशा ताई म्हणून काम करत होती. घरोघर जाऊन औषधं द्यायची, बाळंतिणींची काळजी घ्यायची, हिवतापासाठी रक्ताचे थेंब काचेवर घ्यायची. तिला एकच मुलगी, प्रांजली, एकोणीस वर्षांची. प्रांजलीला सिकलसेल. आमच्या विदर्भात हे दुखणं घराघरांत आहे: रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, लवकर फुटतात, आणि माणसाचे सांधे असे दुखतात की तो लोळतो. कुंदाने या पोरीला अकरावी-बारावीची दोन वर्षं आपल्याकडे नागपूरला ठेवून घेतलं होतं, रोजची गोळी स्वतःच्या हाताने दिली होती, दुखण्याच्या वेळी पाय चेपत बसली होती. पोटची नसली तरी तिची पोरगी तीच.

मुका ताप सिकलसेलच्या माणसांना इतरांच्या पाचपट मारत होता. म्हणून गोळी आली की ती सगळ्यांत आधी त्यांनाच, ताप यायची वाट न बघता, द्यायची, असं ठरलेलं होतं. ही यादी करताना कुंदानेच भांडून त्यांचं नाव वर घेतलं होतं.

सुनंदा रोज फोन करायची. गोळी कधी येते, एवढंच विचारायची. आणि कुंदा रोज सांगायची की फाईल चालू असताना त्या विषयावर नातेवाइकांशी एक अक्षर बोलायची मुभा नाही. खरोखर बोलली नाही. चोख बाई! नियम म्हणजे नियम.

आपला एक प्रश्न तिने दुसऱ्याच दिवशी वापरला. उन्हाचा. मागच्या साथीत चंद्रपूर-गडचिरोलीच्या पत्र्याच्या आरोग्य केंद्रांत चाळीस हजार गोळ्या उन्हाने निकामी झाल्या होत्या, आणि लोक खडू खाल्ल्यासारखे त्या खात राहिले होते. दुधाने तोंड पोळलेलं, ताकही फुंकून प्यायचं. शेहेचाळीस अंशांवर गोळी किती दिवस टिकते, असं तिने विचारलं. प्रश्न उत्तम होता. उत्तरही दोन दिवसांत उत्तम आलं: नव्वद दिवस टिकते.

शुक्रवारी सकाळी ती रक्ताच्या तपासण्यांच्या भागाशी आली आणि तिथे तिचा हात थांबला. सहा हजार चारशे लोकांत सिकलसेलचा एकही माणूस नव्हता. जिथे चाचणी झाली तिथे हा आजारच नव्हता. बरं, नसेना. पण गोळीच्या रेणूची आकृती बघताना तिला ती कुठेतरी पाहिलेली वाटली, आणि मग आठवलं. हिवतापाच्या एका जुन्या गोळीच्या कुळातला हा रेणू. ती गोळी काही जणांच्या तांबड्या पेशी फोडते, हे वैद्यकाला फार आधीपासून माहीत आहे. निरोगी माणसाला या नव्या गोळीने काही होत नव्हतं, हे कागदावर दिसत होतं. ज्याच्या पेशी आधीच फुटायला टेकल्यात त्याचं काय होईल, हे कागदावर कुठेच नव्हतं.

ती घाबरली नाही. तिला वाटलं, हा प्रश्न एफुआने विचारलाच असणार. एफुआ मेन्सा ही पश्चिम आफ्रिकेतल्या मेजाची मुख्य. सहा वर्षांची मैत्री, भेट दोनदाच, पण पडद्यावर रोजचं बोलणं. एफुआच्या देशात सिकलसेल विदर्भापेक्षा जास्त. कुंदाने इतर मेजांच्या प्रश्नांची यादी उघडली. एफुआचा प्रश्न गरोदर बायकांबद्दल होता. बाकीचे नऊ तिने एकेक करून वाचले. मूत्रपिंड, लहान मुलांचं प्रमाण, क्षयाच्या औषधांबरोबर चालते का. सगळे शहाण्यासारखे प्रश्न, एकही फालतू नाही. सिकलसेलचा कोणीही विचारला नव्हता.

तिने एफुआला लावला. एफुआने सगळं ऐकून घेतलं. मग इंग्रजीत म्हणाली ते असं: मला वाटलं, तो तू विचारशील. नागपूर म्हटलं की जगात सगळ्यांना सिकलसेलच आठवतं, तुझ्या शहरातच त्याच्यावर सगळ्यात जास्त काम झालंय. म्हणून मी माझा प्रश्न बायकांसाठी वापरला.

आता याला काय म्हणायचं? दोघींनी एकमेकींच्या हुशारीवर विसंबून आपापला प्रश्न दुसरीकडे खर्च केला होता. नक्कल होऊ नये म्हणून जो नियम केला, त्याने दोघींना आधी बोलूही दिलं नव्हतं. शाळेतल्या पोरांसारखं मोठमोठ्या तपासनिसांना हात धरून वेगवेगळ्या बाकांवर बसवलं, आणि एक प्रश्न सगळ्यांनीच सोडला.

कुंदा संचालक साखरकरांकडे गेली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकलं, दुसरा प्रश्न मिळणार नाही म्हणाले, आणि पडदा तिच्याकडे वळवला. नऊ मेजांनी होकार दिला होता. एफुआनेही तासापूर्वी दिला होता. नागपूरच्या नावावर सदतीस चढले होते आणि ती खुर्चीत बसेपर्यंत अडतीस झाले. मग कुंदाने विचारलं की सिकलसेलच्या रोग्यांना वगळून इतरांसाठी सोडता येईल का. येईल, ते म्हणाले, आणि त्यांनी ते यंत्राला विचारूनही दाखवलं. यंत्राने उत्तर दिलं: या रोग्यांना महिनाभर वगळल्यास अकरा देशांत मिळून चार हजार शंभर मृत्यू, नागपूर मेजाच्या नावावर.

"तुमच्याकडे आकडा आहे का?" साखरकर म्हणाले. "गोळीने इतके मरतील असा? असेल तर द्या. मी तो याच्यासमोर ठेवतो."

तिच्याकडे आकडा नव्हता. तिच्याकडे फक्त एक रेणूची आकृती होती. तिला ढोके आठवले, त्यांची भिंत आठवली. पण खरं सांगायचं तर ती नुसती भ्यायली नाही. कोसमटोल्यात प्रांजलीला उद्या ताप आला आणि गोळी आपण अडवलेली असली तर, हाही विचार तिने केला. अडवलं तरी पोरगी जाते, सोडलं तरी जाते, आणि दोन्हींतलं कोणतं खरं हे सांगणारा कागद जगात नाही. चार वाजून दहा मिनिटांनी तिने होकारावर बोट ठेवलं. खाली लिहिलं, 'सिकलसेल रुग्णांवर लक्ष ठेवावे.' असं लिहिलेलं कोणी वाचत नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

संध्याकाळी सुनंदाचा फोन आला तो हसतच. तालुक्याला आधीच येऊन पडलेल्या गोळ्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावात पोचणार होत्या. ती सांगू लागली की गावात चौदा घरं सिकलसेलची, सगळ्यांना शाळेच्या पटांगणात बोलावलंय, आणि सगळ्यांच्या देखत पहिली गोळी प्रांजली घेणार. तशी तिथली रीतच पडली होती. लस असो की गोळी, आशा ताईच्या घरच्याने आधी घेतली नाही तर गाव हात लावत नाही. करोनाच्या वेळेपासूनचं आहे ते.

कुंदाच्या तोंडात शब्द आले होते. पोरीला देऊ नकोस. एवढे तीन शब्द. पण ते म्हटले की सुनंदा विचारणार, मग बाकीच्यांना देऊ का? त्याला उत्तर काय देणार? माझ्या सहीवर इतरांची पोरं सोड, आपली तेवढी ठेव? आणि सगळ्यांना नको म्हटलं तर त्यांना ताप सोडणार नव्हता. ती म्हणाली, "पाणी भरपूर पाज तिला."

सुनंदा म्हणाली, बरं ताई.

प्रांजलीने सकाळी साडेनऊला पटांगणात गोळी घेतली, जीभ बाहेर काढून रिकामं तोंड दाखवलं, पोरं हसली, आणि मग बाकीच्यांनी रांग लावली. सुनंदाने त्याचा व्हिडिओ पाठवला. कुंदाने तो कचेरीत दोनदा पाहिला. तिसऱ्या दिवशी प्रांजलीची लघवी काळ्या चहासारखी झाली. डोळे पिवळे झाले, दम लागू लागला. चौथ्या दिवशी आरमोरीच्या दवाखान्यात तिला रक्त चढवलं, ते रक्तही फुटू लागलं. गावातल्या आणखी सहा जणांना तिथेच हलवलं होतं. पाचव्या दिवशी दुपारी ती गेली. तिला मुका ताप आलाच नव्हता.

फोन आला तेव्हा कुंदा कचेरीत होती. निघायच्या आधी तिने कोणालाही न विचारता यंत्रात आदेश टाकला: सिकलसेल रुग्णांना ही गोळी देणे तात्काळ थांबवावे. मेजाच्या मुख्याला तेवढा अधिकार होता. आदेश पडला आणि त्याच क्षणी कोपऱ्यातला आकडा तिच्या नावावर पुन्हा पळू लागला, कारण औषध थांबवणं हाही उशीरच. प्रांजली त्या आकड्यात नव्हती. आरमोरीचे सहा जणही नव्हते. एफुआने तासाभरात तसाच आदेश टाकला आणि निरोप पाठवला की तिच्याकडे दोनशे साठ जण इस्पितळात आहेत. गोळी इतर हजारो लोकांना वाचवत होती हेही खरंच, आणि ते ऐकून कोणाला बरं वाटायचं असेल त्याने खुशाल वाटून घ्यावं.

कुंदा पोचली तेव्हा पोरीची माती आटोपली होती. सुनंदा ओसरीवर बसली होती. तिचं रडून झालं होतं. ताईला बघून उठली नाही, पण बाजूला सरकून जागा केली. कुंदा बसली. मग सुनंदाने विचारलं, "ताई, ही गोळी कशातली होती? हिवतापाच्या त्या गोळीसारखी का?"

"त्याच कुळातली," कुंदा म्हणाली.

सुनंदाने हळूहळू मान हलवली. मग ती सांगू लागली, अगदी शांतपणे, जसं एखाद्या नव्या बाईला गाव समजावून सांगावं. नऊ वर्षांपूर्वी देवाजी कुमऱ्याच्या दोन्ही पोरांना हिवतापाच्या गोळीने अशीच काळी लघवी झाली होती. त्यातलं एक गेलं. मग आणखी दोन गावांत झालं. तेव्हापासून या पट्ट्यातल्या सगळ्या आशा सिकलसेलच्या घरात ती गोळी देतच नाहीत. कागदावर नाही कुठे, पण एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. चाळीस गावांतल्या बायकांना माहीत आहे.

"एवढंच बोलायचं होतं ना तू," ती म्हणाली. "त्या गोळीतली आहे म्हणून. मी पोट्टीला दिली नसती. कोणालेच दिली नसती. काहून नाही विचारलं मले?"

कुंदाने सांगायचा प्रयत्न केला. एकच प्रश्न मिळतो, तोही कंपनीला; घरच्या माणसाशी बोलायची मनाई; आकडा. वाक्य अर्ध्यावर आल्यावर आपण काय बोलतो आहोत हे तिचं तिलाच ऐकू आलं. सुनंदाने वाक्य पूर्ण व्हायची वाट पाहिली. ते होत नाही हे बघून उठली, तोंडावर पाणी मारलं आणि खुंटीवरची पिशवी काढली. घरोघरी उरलेल्या गोळ्या पडून होत्या. कोणी भीतीने घेऊन टाकली तर आणखी एक जाईल, त्या आधी गोळा करायला हव्यात, एवढंच ती म्हणाली. सुतक असलेल्या बाईने बाहेर पडू नये असं शेजारची एक म्हातारी म्हणाली, तर तिच्याकडे तिने पाहिलंही नाही.

कुंदा मागोमाग निघाली. सुनंदाने नको म्हटलं नाही आणि ये असंही म्हटलं नाही.

पहिलं घर कुमऱ्यांचंच होतं. देवाजीच्या म्हाताऱ्या आईने आतून गोळ्यांची पट्टी आणून दिली, सुनंदाच्या गालावरून हात फिरवला, आणि मग मागे उभ्या असलेल्या कुंदाकडे बोट करून विचारलं की ही कोण.

सुनंदाने वळून पाहिलं नाही.

"नागपूरच्या मॅडम आहेत," ती म्हणाली. "गोळ्या परत न्यायला आल्यात."

कुंदाने पुढे होऊन पिशवीचं तोंड उघडून धरलं.